निसर्गाच्या छायाचित्राखाली चार ओळी छापाव्यात

मा. संपादक महोदय,
सादर नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की आपल्या दैनिकात वाचकांनी टिपलेली निसर्गाची छायाचित्रे प्रसिद्ध होतात आणि साताऱ्यातल्या अनेक घरांप्रमाणे आमच्याही घरी सकाळी सर्वांत आधी तेच पान उघडले जाते. ही छायाचित्रे छापताना त्यांच्याखाली छायाचित्रकाराच्या नावाबरोबरच ठिकाण, तारीख, वेळ आणि त्या चित्रावर नंतर कोणते काम केले आहे याची माहिती द्यावी, एवढी एक विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकते आणि २०२५च्या जानेवारीपासून शहरातल्या डिजिटल छायाचित्रणाच्या वर्गाला शनिवारी-रविवारी जाते. या विनंतीमागची कारणे मला त्या वर्गातल्या गृहपाठांतून आणि सहलींतून समजली, म्हणून ती सविस्तर मांडते. पत्र लांबेल, त्याबद्दल क्षमा असावी.

आमचा पहिला गृहपाठ एका पांढऱ्या टॉवेलाचा आणि काळ्या घोंगडीचा होता. आजोबांची घोंगडी अंगणात दोरीवर टाकायची, शेजारी टॉवेल टाकायचा आणि कॅमेरा ‘ऑटो’वर ठेवून दोघांची चौकट भरून वेगवेगळी छायाचित्रे काढायची, एवढेच सरांनी सांगितले होते. घरी येऊन ती संगणकावर उघडली तेव्हा टॉवेल मळकट करडा दिसत होता आणि घोंगडीही जवळजवळ तशीच करडी झाली होती. कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाला समोरची वस्तू काळी की पांढरी हे कळत नाही; समोरून येणारा उजेड सरासरीने मध्यम करडा असणार असे गृहीत धरून तो एक्स्पोजर, म्हणजे चित्रासाठी किती उजेड घ्यायचा ते, ठरवतो, त्यामुळे पांढऱ्याचा उजेड तो कमी करतो आणि काळ्याचा वाढवतो. टॉवेल पांढरा आणि घोंगडी काळी यावी यासाठी ते गणित आपल्याला हाताने दुरुस्त करावे लागते. पुढे जुलैमध्ये यवतेश्वरच्या घाटात आम्ही धुक्याची छायाचित्रे काढायला गेलो तेव्हा हेच पुन्हा घडले. डोळ्यांना दुधासारखे दिसणारे धुके कॅमेऱ्याने धुरासारखे राखाडी टिपले आणि एक्स्पोजर एका स्टॉपने वाढवल्यावर, म्हणजे उजेड दुप्पट घेतल्यावर, ते पुन्हा पांढरे झाले. कॅमेऱ्याने स्वतःहून दिलेले चित्र हेच खरे चित्र, ही माझी समजूत त्या दिवशी संपली.

त्या पहिल्या गृहपाठापासून आमच्या वर्गाचा एक नियम आहे. प्रत्येक छायाचित्रासोबत पोस्टकार्डाएवढ्या कागदावर एक चिठ्ठी द्यावी लागते आणि चिठ्ठी नसेल तर छायाचित्र कितीही चांगले असले तरी सर ते पाहत नाहीत. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, वेळ, लेन्स, शटरचा वेग, अ‍ॅपर्चर, आयएसओ आणि संगणकावर केलेले फेरफार लिहायचे असतात. शटरचा वेग म्हणजे उजेड किती वेळ आत येऊ दिला, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचे भोक किती उघडे होते (एफचा आकडा जितका मोठा तितके भोक लहान) आणि आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता. सुरुवातीला हा मला कारकुनी प्रकार वाटत असे. आज माझ्याकडे अशा दोनशेहून अधिक चिठ्ठ्या आहेत आणि त्यांतून मी जेवढे शिकले तेवढे छायाचित्रांतून शिकले नाही, असे मी विचारपूर्वक लिहीत आहे.

चिठ्ठीवरच्या तारखेला आणि वेळेला किती अर्थ असतो हे अजिंक्यताऱ्याने शिकवले. आमच्या गच्चीवरून किल्ला समोर दक्षिणेला दिसतो. गच्चीवर रंगाने तीन खुणा करून त्यांवर ट्रायपॉडचे पाय ठेवायचे आणि लेन्स, अ‍ॅपर्चर व चौकट न बदलता वर्षभर त्याच किल्ल्याची छायाचित्रे काढायची, असा तो गृहपाठ होता. एप्रिलमध्ये डोंगर करपलेला होता, जुलैमध्ये अनेक दिवस तो चौकटीत नव्हताच, सप्टेंबरमध्ये हिरवा झाला आणि डिसेंबरमध्ये वाळलेल्या गवताने पिवळा पडला. एवढे कोणालाही ठाऊक असते. मला नवे कळले ते उजेडाबद्दल. सकाळी डावीकडून, तिरपे ऊन येते तेव्हा किल्ल्याच्या अंगावरची प्रत्येक घळ आणि कड्याची प्रत्येक रेघ सावलीमुळे उठून दिसते, आणि दुपारी तोच डोंगर सपाट पडद्यासारखा होतो. त्यातही मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत साताऱ्यात भरदुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे आकाश मोकळे असेल तर किल्ल्याचा शहराकडचा उतार उजळलेला असतो, तर डिसेंबरच्या दुपारी सूर्य दक्षिणेला कललेला असल्याने तोच उतार निळसर छायेत असतो. ही दोन छायाचित्रे शेजारी ठेवली तर एकाच किल्ल्याची आहेत यावर माझ्या आईचाही विश्वास बसला नाही. त्यांच्यातला फरक समजावून सांगायला मला फक्त तारीख आणि वेळ पुरली.

ठोसेघरची सहल ऑगस्टमध्ये झाली. धबधब्यासमोर आम्ही दीड तास धुके हटण्याची वाट पाहत उभे होतो आणि वीस मिनिटांसाठी ते हटले. त्या वीस मिनिटांत मी एकाच जागेवरून दोन छायाचित्रे काढली. एकात शटर अर्धा सेकंद उघडे होते, अ‍ॅपर्चर एफ २२ आणि आयएसओ १०० होता; दुसऱ्यात शटर एका सेकंदाचा हजारावा भाग, अ‍ॅपर्चर एफ ५.६ आणि आयएसओ ३२०० होता. दोन्ही छायाचित्रे सारखीच उजळ आली. पहिल्यात पाणी पिंजलेल्या कापसासारखे दिसते, दुसऱ्यात थेंब न् थेंब हवेत थांबलेला दिसतो, आणि प्रत्यक्षात कड्यासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांना यांतले काहीही दिसत नाही. दोन्ही छायाचित्रे प्रामाणिकपणे काढलेली आहेत, संगणकावर त्यांत काहीही मिसळलेले नाही, तरी ज्याला शटरचा वेग माहीत नाही त्याला ती दोन वेगवेगळ्या प्रवाहांची वाटतील. वृत्तपत्रातली अशी छायाचित्रे पाहून आपला कॅमेरा हलका आहे, आपल्याला महागडा घ्यावा लागेल, असे मानणारी मुले माझ्या ओळखीची आहेत. त्यांना अर्धा सेकंद आणि एक ट्रायपॉड एवढी माहिती मिळाली असती तर पुरे झाले असते. आमच्या वर्गात चौघांत मिळून एक ट्रायपॉड आहे आणि तो पुरतो.

आता ज्या प्रसंगामुळे हे पत्र लिहावेसे वाटले, तो सांगते.

कास पठाराचे एक रंगीत छायाचित्र मी शाळेत असताना वृत्तपत्रातून कापून माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवले होते. नजर पोहोचेल तिथपर्यंत जांभळी फुले आणि वर काळे ढग, असे ते छायाचित्र होते. ते कोणत्या दैनिकातले हे आता आठवत नाही. त्याखाली ‘कासचे पठार बहरले’ एवढेच छापलेले होते. गेल्या २० सप्टेंबरला आमचा वर्ग कासला गेला तेव्हा ते छायाचित्र माझ्या मनात इतके पक्के होते की समोरचे पठार मला अपुरे वाटले. तिथे तेरडा होता, सोनकी होती, गेंदाची पांढरी बोंडे वाऱ्यावर डोलत होती, ओलसर खड्ड्यांच्या कडेला ‘सीतेची आसवे’ ही फुले होती. पण त्यांच्या मधून गवत, चिखल आणि जांभ्याचे काळे दगडही दिसत होते. आपण चुकीच्या जागी उभे आहोत, ‘ती’ जागा आणखी पुढे असणार, असे मला वाटत राहिले. सरांनी पायवाट सोडायची नाही असे निघतानाच बजावले होते. तरीही फुलांच्या एका दाट पट्ट्याच्या जवळ जाण्यासाठी मी वाटेबाहेर एक पाऊल टाकले, गुडघा टेकला, चार छायाचित्रे काढली आणि उठले. उठल्यावर मागे माझ्या बुटाचा ठसा आणि गुडघ्याचा खळगा दिसला. त्यात दहा-बारा झाडे मातीत दाबली गेली होती.

सर रागावले नाहीत. त्यांनी मला तिथेच बसवून पठाराची माती दाखवली. कासचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, जांभ्या खडकाचा आहे आणि त्यावर मातीचा थर इतका पातळ असतो की कित्येक ठिकाणी बोट खुपसले तरी खाली खडक लागतो. पावसाचे पाणी त्यावर साचून राहते, मातीत अन्नद्रव्ये फार कमी असतात, म्हणून इथे किडे पकडून जगणाऱ्या वनस्पती आढळतात. सीतेच्या आसवांच्या पाण्याखालच्या भागावर सूक्ष्म जीव पकडणाऱ्या इवल्या पिशव्या असतात आणि ‘दवबिंदू’ नावाच्या झाडाच्या पानांवर चिकट थेंब असतात. त्या दिवशी आम्ही पाहिलेल्यांपैकी बरीचशी झाडे एका पावसाळ्याची असतात. पावसात उगवायचे, फुलायचे, बी टाकायचे आणि मरायचे, हा त्यांचा क्रम असतो. तेरड्याची शेंग पिकली की तडकन फुटते आणि बी दूर उडते. शेंग धरण्याआधीच झाड चिरडले तर पुढच्या वर्षीचे बी तिथेच संपते. साताऱ्याचे नाव आपल्या शास्त्रीय नावात मिरवणारा वायतुरा जगात सह्याद्रीतल्या मोजक्या सड्यांवरच वाढतो. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आणि त्यात कासचा समावेश आहे, हे मी शाळेत पाठ केले होते, पण माझ्या गुडघ्याखाली काय आहे हे मला माहीत नव्हते.

पुढच्या शनिवारी सरांनी वेगळाच गृहपाठ दिला. कासच्या छायाचित्रांच्या चिठ्ठ्यांवर नेहमीच्या नोंदींखाली ‘कॅमेरा कुठे होता आणि कॅमेऱ्यामागे काय होते’ हे लिहून आणायचे. ते लिहिताना माझ्या कपाटातल्या छायाचित्राचा उलगडा झाला. उभ्याने पाहिले की झाडांमधली मोकळी जागा दिसते. कॅमेरा फुलांच्या उंचीवर आणून दूरचे जवळ आणणाऱ्या टेलिफोटो लेन्सने दूरवर पाहिले की पुढची फुले मागच्या मोकळ्या जागा झाकून टाकतात आणि विरळ फुलांचाही गालिचा होतो. माझ्या गुडघ्यावरून काढलेल्या चार छायाचित्रांत तसाच गालिचा आला होता. त्यातून कपाटातल्या चित्रातली फुले टोपली कारवीची असावीत, असे आता ती निरखून पाहिल्यावर मला वाटते. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा बहरते. म्हणजे तो बहर ज्या वर्षीचा होता त्या वर्षी चित्र खरे होते, आणि तारखेवाचून छापल्यामुळे पुढच्या सहा वर्षांसाठी ते दिशाभूल करणारे ठरले. आपल्याकडे ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ असे म्हणतात. पठारावरचा रंग दर पंधरवड्याला बदलतो, पांढऱ्याचा गुलाबी होतो, गुलाबीचा पिवळा होतो. अशा ठिकाणच्या छायाचित्राखाली तारीख नसेल तर वाचक घरून एक रंग मनात घेऊन निघतो, तिथे दुसरा पाहतो, आणि मग ‘ती’ जागा शोधत माझ्यासारखाच वाटेबाहेर पाऊल टाकतो. सुट्टीच्या दिवशी तिथे येणाऱ्यांच्या हातातले मोबाइल पाहिले तर हे किती जण करत असतील याची कल्पना येते.

काही वाचक यावर असा उपाय सुचवतील की ज्यांवर संगणकाचे कोणतेही काम झालेले नाही अशीच छायाचित्रे घ्यावीत. मला हा उपाय बरोबर वाटत नाही आणि त्याचे कारण कॅमेऱ्याच्या रचनेतच आहे. डिजिटल कॅमेऱ्यात उजेड मोजणाऱ्या सेन्सरवरच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाची गाळणी असते. कोडॅकमधील ब्राइस बायर यांच्या १९७६च्या पेटंटमधली ही मांडणी आजही बहुतेक कॅमेऱ्यांत वापरली जाते. तीत निम्मे बिंदू हिरव्याचे आणि पाव-पाव लाल व निळ्याचे असतात. म्हणजे प्रत्येक बिंदू एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून हिशेबाने भरले जातात. त्यानंतर मोबाइल किंवा कॅमेरा स्वतःच रंग गडद करतो, कडा धारदार करतो, सावल्या उजळतो आणि मग आपल्या हातात जेपेग फाइल देतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद, १४ बिटची असेल तर तीत १६,३८४ पायऱ्या असतात आणि त्यांतल्या कोणत्या ठेवायच्या हे छायाचित्रकाराला स्वतः ठरवावे लागते. तेव्हा ‘एडिट न केलेले’ छायाचित्र म्हणजे पुष्कळदा यंत्राने एडिट केलेले छायाचित्र असते. माझ्या राखाडी टॉवेलाचे छायाचित्र एडिट केलेले नव्हते आणि तरीही ते चूक होते. उजेड दुरुस्त करणे, क्षितिज सरळ करणे, कडेचा भाग कापणे या गोष्टी आम्हाला वर्गात शिकवल्या जातात आणि त्यांत लपवण्यासारखे काही नाही. दुसऱ्या दिवशीचे आकाश आणून चिकटवणे, विजेच्या तारा किंवा माणसे पुसणे, सोनकीचा पिवळा रंग हळदीसारखा होईपर्यंत ओढणे, आणि आता तर कॅमेरा हातात न घेता यंत्राकडून सज्जनगडाचे चित्र रचून घेणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. यांतली सीमारेषा संपादकांनी प्रत्येक चित्रासाठी ठरवत बसावे असे मी म्हणत नाही. काय केले ते चित्रकाराने स्वतः लिहावे आणि ते चित्राखाली छापले जावे, म्हणजे वाचक ठरवील. ‘वर्ल्ड प्रेस फोटो’सारख्या स्पर्धेत अखेरच्या टप्प्यात आलेल्या छायाचित्रांच्या मूळ फायली मागवून तपासल्या जातात. आपल्याला तेवढे करण्याची गरज नाही, पण शंका आली तर मूळ फाइल मागण्याचा अधिकार दैनिकाने राखून ठेवावा.

हे अमलात आणणे अवघड नाही. छायाचित्राची तारीख, वेळ, शटरचा वेग, अ‍ॅपर्चर, आयएसओ ही माहिती कॅमेरा फाइलमध्येच नोंदवून ठेवतो. अडचण अशी आहे की व्हॉट्सअ‍ॅपवरून छायाचित्र नेहमीच्या पद्धतीने पाठवले की ही नोंद गळून पडते आणि चित्रही दाबून लहान केले जाते. म्हणून वाचकांना छायाचित्रे ई-मेलने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवण्यास सांगावे, आणि पाठवण्यापूर्वी कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर आहे का तेही पाहण्यास सांगावे. माझ्या कॅमेऱ्याचे घड्याळ चार महिने साडेपाच तास मागे होते आणि माझ्या अजिंक्यताऱ्याच्या पहिल्या चिठ्ठ्या त्यामुळे वाया गेल्या. ठिकाणाच्या बाबतीत मात्र एक काळजी घ्यावी. किल्ला, घाट किंवा धबधबा यांचे नाव खुशाल छापावे, पण दुर्मीळ वनस्पतीचे किंवा पक्ष्याच्या घरट्याचे छायाचित्र असेल तर तालुक्यापुढे तपशील देऊ नये, कारण नेमकी जागा कळली की तिथे आठवडाभरात वाट पडते. पानावर जागा अपुरी असते हे मी जाणते. चार ओळींसाठी एखादे छायाचित्र कमी छापावे लागले तरी चालेल, असे एक नियमित वाचक म्हणून मला वाटते.

साताऱ्यात छायाचित्रण शिकणाऱ्या मुलांसाठी कलादालने फारशी नाहीत, मोठी ग्रंथालयेही हाताशी नाहीत. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर पहाटे पायऱ्या काळ्या आणि कृष्णेचे पाणी लख्ख अशी अवघड चौकट कशी सोडवावी, हे आम्ही एकमेकांना विचारूनच शिकतो. कोणीतरी तीच चौकट सोडवून आपल्या दैनिकाकडे पाठवलेली असते आणि ती आम्ही पाहतोही; फक्त ती त्याने कोणत्या वेळी, वेगवेगळ्या एक्स्पोजरची किती छायाचित्रे जोडून, कशी सोडवली हे आम्हाला कळत नाही. त्या चार ओळी आम्हाला दर आठवड्याला मिळाल्या तर तो आमच्यासाठी आणखी एक वर्गच असेल.

या पत्रासोबत माझे एक छायाचित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवत आहे. ते प्रसिद्ध करण्यायोग्य वाटल्यास त्याखाली पुढील मजकूर छापावा, ही विनंती.

‘कास पठार, जि. सातारा. २० सप्टेंबर २०२५, सकाळी ७ वाजून ५० मिनिटे. पायवाटेवरून, उभ्याने काढलेले. लेन्स ५५ मिमी, शटर १/१२५ सेकंद, अ‍ॅपर्चर एफ ८, आयएसओ २००. धुक्यामुळे एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप वाढवले आहे. क्षितिज सरळ केले आहे; रंग वाढवलेले नाहीत, काहीही पुसलेले किंवा जोडलेले नाही. खालच्या उजव्या कोपऱ्यात दिसणारी चिरडलेली झाडे छायाचित्र काढणारीच्या पायाखाली आलेली आहेत.’

आपली विश्वासू,
छायाचित्रणाची एक विद्यार्थिनी,
सातारा